जामिनाचे नियम बदलले, पण कच्चे कैदी कमी झाले का हे मोजायचं कसं?

वर्धेकाठची:

नमस्कार. मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फील्डवर्क विदर्भातल्या एका जिल्हा कारागृहात चालू आहे, नाव मुद्दाम देत नाही. प्रबंधाचा विषय गाईडनी ठरवून दिलाय: जामिनाच्या नव्या तरतुदींचा न्यायाधीन बंद्यांवर, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत असलेल्या कच्च्या कैद्यांवर, काय परिणाम झाला. तरतुदी मुख्यतः दोन. एक, ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ईमेलने पाठवायचा, तारीख ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणक प्रणालीत टाकायची आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. दोन, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आधी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं.

माझ्याकडे प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेची बंदीसंख्या आहे. आलेख काढला तर रेष जवळपास सपाट येते, शेवटी शेवटी तर जरा वरच चढते. गाईड म्हणतात, "परिणाम आढळला नाही असं लिही आणि पुढच्या प्रकरणाला लाग."

मला ते लिहवत नाही, कारण मुलाखतींमध्ये वेगळंच दिसतं. एक उदाहरण देते. बालाघाटकडचा माणूस, रस्त्याच्या कामावर आलेला. उभ्या ट्रकच्या बॅटऱ्या चोरल्याचा गुन्हा. जामीन मंजूर आहे, पंधरा हजारांचा बाँड आणि तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतीचा दाखला असलेला, जामीनदार. तरी तो आतच. बायको दोन पोरांना घेऊन कोर्टात आली होती. पिशवीत रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं आणि सासऱ्याच्या नावच्या शेताचा मध्य प्रदेशातला खसरा, म्हणजे तिकडचा जमिनीचा उतारा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. कोर्टातल्या बाबूंनी पिशवी उघडूही दिली नाही. "इथला आणा" म्हणाले. तिला इथे ओळखणारं कोण, तर ज्याच्या साइटवर नवरा कामाला होता तो मुकादम. आणि फिर्याद त्याच्याच शेठने दिलेली.

असे लोक माझ्या आलेखात कुठे दिसतात? महिनाअखेरचा आकडा वापरणं बरोबर आहे का? आणि सुधारणेचा परिणाम वेगळा काढायचा तर तुलना कशाशी करू?

काळा_कोट_पांढरी_कॉलर:

ताई, रागावू नका, पण तुमच्या गाईडना कलम ४७९ एकदा सबंध वाचायला सांगा. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला काम करतो आणि ही सपाट रेष बघून मला जराही नवल वाटलं नाही.

हिशेब करून बघा. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक तृतीयांश झालं एक वर्ष. साध्या चोरीत वर्षभर आत राहतो कोण? ज्याला जामीनदार मिळतो तो दोन-तीन आठवड्यांत घरी जातो. वर्षभर राहतो तो एक तर बिनजामीनदाराचा, नाही तर पाच-सहा गुन्हे अंगावर असलेला. आणि त्या दुसऱ्याला कलम ४७९ चं दुसरं पोटकलम दारातच अडवतं: एकाहून जास्त गुन्ह्यांचा किंवा खटल्यांचा तपास वा सुनावणी चालू असेल तर या कलमाखाली सुटका नाही. सात वर्षांच्या गुन्ह्यात तृतीयांश होतात दोन वर्षं चार महिने. आणि ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तिथे कलम लागूच नाही.

आता तुमच्या कारागृहात बराकीनिहाय मोजा. खून, बलात्कार, पोक्सोची जड कलमं, दरोडा, जखम करणारा खुनाचा प्रयत्न. सगळ्यांत जन्मठेपेची तरतूद. न्यायाधीन बंद्यांचा मोठा गठ्ठा इथेच बसलेला असतो, कारण हेच लोक वर्षानुवर्षं राहतात. कायद्याने ज्यांना हातच लावलेला नाही त्यांनी भरलेल्या बराकीचा आकडा कायद्यामुळे खाली कसा येईल? खाली आला असता तरी तो या कलमाने आला असं मी म्हटलं नसतं.

३१ जानेवारीच्या निर्देशांची गोष्ट वेगळी. त्यांचा फायदा नेमका तुमच्या बालाघाटवाल्याला व्हायला हवा. त्यात अजून दोन गोष्टी आहेत, त्या तुम्ही लिहिल्या नाहीत. जामीन मंजूर झाल्यापासून महिन्याभरात बंधपत्र सादर झालं नाही तर न्यायालय आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, म्हणून तशी अट घालू नये असं सुचवलंय. हे काही नवीन नाही. १९७८ साली मोतीरामच्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी हेच सुनावलं होतं. मोतीरामही मध्य प्रदेशातलाच, गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. जवळपास पन्नास वर्षं झाली, आणि खिडकीवर अजून "इथला आणा".

"न्यायालय आपणहून विचार करील" हे वाचायला छान आहे. माझ्या पाहण्यात मात्र वकिलाने अर्ज टाकल्याशिवाय फाइल हलत नाही. तुमच्या माणसाला लोकअभिरक्षक कार्यालयातला, म्हणजे गरीब आरोपींसाठीचा मोफत, वकील आहे का ते आधी बघा. असेल तर चार आठवड्यांच्या प्रोव्हिजनल कॅश बेलचा, म्हणजे तात्पुरत्या रोख जामिनाचा, अर्ज करायला लावा. पैसे भरून तो बाहेर येईल आणि मग जामीनदार शोधेल. आतून कोण कुणाला शोधणार?

मोजायचंच असेल तर जामीन मंजूर झाल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. डोकी मोजू नका.

एडिसनचा_बंड्या:

वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य अधोरेखित करतो आणि त्याच्या मागचं गणित सांगतो. मी न्यू जर्सीत राहतो, पोटासाठी विमा कंपनीत आकडेमोड करतो. कायद्यातला माणूस नाही. पण इथे २०१७ ला जामिनाची पद्धत मुळापासून बदलली, तेव्हापासून त्यावरचे अहवाल आवडीने वाचत आलोय.

आधी इथली गोष्ट, कारण तुमचा प्रश्न इथेही पडला होता. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून रोख जामीन जवळजवळ बंद झाला. अटकेनंतर ४८ तासांच्या आत निर्णय करायचा, आरोपीच्या पूर्वइतिहासावरून जोखमीचा गुणांक काढायचा, आणि सरकारी वकिलाला माणूस आतच हवा असेल तर तसा अर्ज करून सुनावणीत पटवून द्यायचं. २०१५ च्या अखेरीला खटल्याआधी तुरुंगात असलेले लोक होते ८,८९९. २०१८ च्या अखेरीला ४,९९५. सुमारे ४४ टक्के घट. वर्तमानपत्रांनी हाच आकडा उचलला.

आता मधला आकडा बघा. कायदा लागू झाला त्या दिवशी, १ जानेवारी २०१७ ला, संख्या ७,१७३ होती. म्हणजे ३,९०४ च्या घटीतली १,७२६ कायदा लागू होण्याआधीच झालेली! घटनादुरुस्तीला मतदारांनी २०१४ च्या नोव्हेंबरात मान्यता दिली होती, कायद्यावर त्याच वर्षी सही झाली होती. काय येणार हे पोलिसांना आणि न्यायाधीशांना दोन वर्षं आधीपासून माहीत होतं, आणि ते आधीच तसं वागायला लागले होते. पोलीस अटकेच्या वॉरंटऐवजी समन्स जास्त देऊ लागले. तेव्हा "लागू तारखेच्या आधी आणि नंतर" एवढीच तुलना केली असती तर अर्धा परिणाम हातातून निसटला असता. आणि उलट बाजूने, ती आधीची घट कायद्याच्या चाहुलीने झाली की एरवीही होणारच होती, हा वाद उरतोच. म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी आधीच्या अनेक वर्षांचा कल पुढे वाढवून "कायदा नसता तर काय झालं असतं" याचा अंदाज बांधला आणि त्याच्याशी तुलना केली.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाला जास्त जवळची. फिलाडेल्फिया, इथून गाडीने दीड तास. २०१८ च्या फेब्रुवारीत नवे जिल्हा सरकारी वकील लॅरी क्रासनर यांनी जाहीर केलं की २५ प्रकारच्या गुन्ह्यांत त्यांचं कार्यालय रोख जामीन मागणार नाही. ओरेली उस आणि मेगन स्टीव्हनसन या दोघींनी त्याचा अभ्यास केला. रोख जामिनाशिवाय सुटणारे खरंच वाढले. तारखेला गैरहजर राहणं किंवा नवे गुन्हे वाढल्याचं आढळलं नाही. पण तुरुंगात राहणाऱ्यांचं प्रमाण? हललंच नाही. कारण ज्यांना ही सवलत मिळाली ते लोक आधीही थोडेफार पैसे भरून सुटतच होते. त्यांचा खर्च वाचला, हे काही थोडं नाही. पण आत अडकलेले होते ते अडकलेलेच राहिले.

तर तुमच्या गाईडना विचारा, "परिणाम नाही" म्हणजे कशावर परिणाम नाही? सुटण्याच्या अटींवर, सुटायला लागणाऱ्या दिवसांवर, की एकूण डोक्यांवर?

आता गणित. कोणत्याही दिवशी आत असलेली माणसं म्हणजे रोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. समजा, निव्वळ उदाहरण म्हणून, रोज चार जण येतात आणि सरासरी नव्वद दिवस राहतात, तर आत ३६० सापडतील. मुक्काम ऐंशी दिवसांवर आला पण रोज साडेचार यायला लागले, तरी पुन्हा ३६०. तुमची रेष सपाट, आणि माणूस सरासरीने दहा दिवस आधी घरी गेलेला. शिवाय एका तारखेला मोजणी केली की दीर्घ मुक्कामाचे लोक जास्त सापडतात. आठवड्यात सुटणारा महिनाअखेरीच्या मोजणीत सापडायची शक्यताच कमी. जामिनाच्या नियमांचा परिणाम मुख्यतः अशा छोट्या मुक्कामांवर होणार, आणि तुमची मोजणी नेमकी त्यांनाच गाळते.

टक्केवारीपासूनही जपा. देशभराचेच आकडे घ्या. २०२१ अखेर न्यायाधीन बंदी ४,२७,१६५, एकूण बंद्यांच्या ७७.१ टक्के. २०२२ अखेर ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के. टक्का घसरला म्हणून पाठ थोपटून घ्यावी, तर माणसं सात हजारांनी वाढलेली! शिक्षा झालेले त्याहून वेगाने वाढले, एवढाच त्याचा अर्थ.

तुलना कशाशी, हे विचारलंत. वकीलसाहेबांनी नकळत उत्तर देऊन ठेवलंय. त्याच कारागृहात कलम ४७९ ज्यांना लागू होऊच शकत नाही असे जन्मठेपेच्या गुन्ह्यातले आरोपी हा तुमचा तुलनेचा गट. दोन्ही गटांचा आधीचा आणि नंतरचा कल मांडा. कोर्टाला सुट्ट्या, न्यायाधीशांच्या बदल्या, पोलीस बंदोबस्त, या गोष्टींचा त्रास दोन्ही गटांना साधारण सारखा होतो. दोन गटांत झालेल्या बदलांमधला जो फरक उरतो तो कलमाच्या खात्यावर, तोही सावधपणे. सावधपणे अशासाठी की १ जुलै २०२४ ला एकटं ४७९ आलं नाही, सबंध फौजदारी कायदाच बदलला. त्यातल्या त्यात २३ ऑगस्ट २०२४ ही तारीख वेगळी काढता येईल. कलम जुन्या केसेसनाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी स्पष्ट केलं. जुन्या केसमधल्या आरोपींचा गट वेगळा ठेवलात तर त्यांच्यासाठी खरी सुरुवात तिथून.

आणि मालिका २०२० च्या मागे नेत असाल तर कोविड विसरू नका. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या बसल्या, तात्पुरत्या जामिनावर लोक सोडले आणि मग परत बोलावले. त्या खड्ड्यापासून मोजायला सुरुवात केली तर पुढची प्रत्येक सुधारणा फसलेलीच दिसेल. ह्यूस्टनमध्येही असंच झालं. एप्रिल २०१७ मध्ये संघीय न्यायाधीशांनी तिथली किरकोळ गुन्ह्यांतली रोख जामिनाची पद्धत घटनाबाह्य म्हणून रोखली, आणि ऑगस्टमध्ये हार्वे वादळाच्या पुराने फौजदारी न्यायालयाची इमारतच बंद पडली. कोणता बदल निकालाने आणि कोणता पाण्याने, हे सोडवताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले असणार.

लांबलं. इथे बर्फ पडतोय आणि बायको फावडं हातात देऊन गेलीय.

लाल_गेट_निवृत्त:

मी कारागृह खात्यात होतो, निवृत्त झालो. वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण हे लोक कागदावरची माणसं मोजून राहिले. पोरी, तुला गेटवरचं सांगतो.

तुझा महिनाअखेरचा आकडा जामिनाशिवाय दहा कारणांनी हलतो. मोठ्या कारागृहात गर्दी झाली की तिथून बंदी वर्ग होऊन येतात. एका गाडीत वीस-पंचवीस जण उतरले की तुझी रेष गेली वर. त्यांचा तुझ्या जिल्ह्यातल्या कोर्टाशी काही संबंध नाही. दुसरं, निवडणूक. २०२४ मध्ये दोन झाल्या, उन्हाळ्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा. निवडणूक आली की चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड मागणाऱ्या प्रतिबंधक कारवाया, वाढतात. बाँड देऊ न शकणारे चार दिवस, आठ दिवस येऊन जातात. त्यात गणपती, दुर्गा, बंदोबस्त. कैद्यांना कोर्टात नेणाऱ्या पोलिसांच्या कैदी पार्टीला मनुष्यबळ नाही, मग तारखेला नेत नाहीत. व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवर, हजर दाखवतात, पण जामीनदाराचं काम व्हीसीवर होत नाही.

तिसरं महत्त्वाचं. एका माणसावर दोन केसेस असल्या आणि एकीत बेल झाली, तर तो सुटत नाही. नोंदीत "बेल मंजूर, सुटका नाही" असा दिसतो आणि सात दिवसांनी त्याचं नाव सचिवांकडच्या यादीत जातं. तो जामीनदाराअभावी अडकलेला नाही, दुसऱ्या वॉरंटवर आहे. तुझ्या बालाघाटवाल्याचं वॉरंट उलटं करून बघ. मागच्या बाजूला प्रत्येक तारखेची नोंद आणि सही असते. कोपऱ्यात दुसऱ्या कोर्टाचा नंबर लाल शाईने टाकलेला असला तर समजायचं दुसरी केस आहे. निदान आमच्याकडे तशी रीत होती.

चौथं. सुटकेचा आदेश आला तरी बंदी लगेच सुटतो असं नाही. गुन्हा नंबर, कलमं, वडिलांचं नाव, सगळं जुळावं लागतं. वडिलांचं नाव "रामलाल"चं "श्यामलाल" झालं की आदेश परत. चुकीचा माणूस सोडला तर नोकरी जाते, म्हणून आम्ही परत पाठवायचो, त्यात दुष्टावा नव्हता. संध्याकाळी बराकी बंद झाल्या की त्यानंतर आलेला आदेश दुसऱ्या दिवसावर. मुंबईत २०२१ च्या ऑक्टोबरात क्रूझ प्रकरणात तेच झालं. आदेश आर्थर रोडच्या जामीन पेटीत साडेपाचच्या आत पडला नाही म्हणून शाहरुख खानच्या पोराला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याच्यासाठी टीव्हीवाले रात्रभर गेटवर होते. बाकीच्यांची पण तीच पेटी, तीच वेळ. त्यांच्यासाठी कोण थांबणार?

तेव्हा ताई, "बेल ते सुटका" हा एक आकडा ठेवू नको. आदेश, जामीनदार मंजूर, सुटकेचा आदेश गेटवर, प्रत्यक्ष सुटका. चार तारखा काढ. मग कळेल दिवस कोणाच्या दारात गेले.

वर्धेकाठची:

तिघांचेही मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण तुमचं वाचून परत नोंदींत शिरले होते. परवानगी आधीच होती, फक्त नावं आणि पत्ते वहीत उतरवायचे नाहीत या अटीवर.

एक विचित्र गोष्ट सापडली. संगणकातून काढून दिलेल्या यादीत "जामीन मंजूर दिनांक" आणि "सुटका दिनांक" हे दोन रकाने आहेत. सुटलेल्या बऱ्याच जणांच्या दोन्ही तारखा एकच! पहिल्यांदा आनंद झाला, म्हटलं निर्देश लागू पडले. मग नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यांशेजारी बसून पाहिलं. सुटकेच्या दिवशी रकाना रिकामा दिसतो, माहिती पुढे जात नाही, मग ते त्याच दिवसाची तारीख टाकून मोकळे होतात. ईमेलने आलेला आदेश वेगळ्या फोल्डरमध्ये पडून असतो. आणि जे अजून सुटलेच नाहीत त्यांचा पहिलाही रकाना कोरा. म्हणजे या यादीवरून मी अंतर काढलं तर शून्य दिवस येणार, आणि जे खरे अडकलेत ते यादीतून गायबच.

बालाघाटवाल्याचं वॉरंट पाहिलं. मागे एकच कोर्ट आहे, दुसरी केस नाही. लोकअभिरक्षक कार्यालयातल्या मॅडमना भेटले, त्या अर्ज करताहेत. गरीब बंद्यांना मदतीची केंद्राची योजना आहे ना, तीही विचारली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आधी ऑर्डर बदलून घेऊ. का हसल्या ते कळलं नाही.

काळा_कोट_पांढरी_कॉलर:

का हसल्या ते मी सांगतो. २०२३ च्या त्या योजनेत न्यायाधीन बंद्यासाठी सुरुवातीला चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती, जिल्ह्याच्या समितीने मंजूर केली तर. रक्कम कोर्टात जमा होते. पण ऑर्डरमध्ये पैसे मागितलेतच कुठे? मागितलाय माणूस, ऐपतीचा दाखला असलेला. सरकार पंधरा हजार भरायला तयार आहे, पण सातबारा घेऊन कठड्यासमोर उभा राहणार कोण? म्हणून आधी ऑर्डर रोख रकमेत बदलून घ्यायची आणि मग योजनेचा अर्ज.

एडिसनवाल्या साहेबांनाही हेच सांगायचं होतं. तुमच्या फिलाडेल्फियाचा अभ्यास झकास आहे, पण तिथे अडतं ते पैशाशी. आमच्याकडे रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते, अडतं ते माणसाशी. भाड्याचे जामीनदार कोर्टाच्या आवारात फिरतात ते उगीच नाही. एकच सातबारा किती जणांसाठी चालतो, ते तपासणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा नुसती रक्कम कमी करणाऱ्या सुधारणेचा परिणाम इथे शोधलात तर कदाचित सापडणार नाही. जामीनदाराची अट काढणाऱ्या आदेशांचा शोधा. आदेशांचे दोन ढीग करा, स्वतःच्या बंधपत्रावर किंवा रोखीवर सोडलेले आणि जामीनदार मागितलेले, आणि दोघांतलं अंतर वेगवेगळं काढा.

तारखांचं म्हणाल तर कारागृहाच्या यादीवर विसंबू नका. आदेशाची तारीख न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर केसचा सीएनआर नंबर टाकून मिळते. जामीनदार कधी स्वीकारला ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, असतं, तोही बऱ्याचदा तिथेच दिसतो. प्रत्यक्ष सुटका मात्र गेटच्या रजिस्टरवरूनच घ्या.

एडिसनचा_बंड्या:

रक्कम आणि माणूस हा मुद्दा मान्य, शंभर टक्के. मी ते इथल्या चष्म्यातून बघत होतो.

वर्धेकाठची, तुम्ही कर्मचाऱ्याशेजारी जाऊन बसलात हे प्रबंधात लिहा. नुसतं "दुय्यम माहिती वापरली" असं नको. तो रकाना कसा भरला जातो हे कळल्याशिवाय पुढच्या कुणीही त्या माहितीवर सरासरी काढली तर महाराष्ट्रात जामिनाचा चमत्कार झालेला दिसेल.

आणि न सुटलेल्यांना वगळू नका. त्यांच्यासमोर "आजपर्यंत इतके दिवस, अजून आत" असं लिहा. सरासरी काढायच्या फंदात न पडता सरळ विचारा: आदेशानंतर सातव्या दिवशी शंभरातले किती आत होते, तिसाव्या दिवशी किती, नव्वदाव्या दिवशी किती. मग हेच २०२३ च्या आधीच्या आदेशांसाठी काढा. अशा मोजणीत न सुटलेले आपोआप धरले जातात आणि गाईडनाही समजावता येतं. आदेश अगदी ताजे असतील, नव्वद दिवस झालेच नसतील, तर ते नव्वदच्या मोजणीत घेऊ नका, एवढं पथ्य पाळा.

लाल_गेट_निवृत्त:

जुन्या आदेशांसाठी २०२२ चं गेट रजिस्टर मागशील तेव्हा ते "रेकॉर्डला गेलं" म्हणतील. रेकॉर्ड म्हणजे मागची खोली. चावी दुपारच्या जेवणानंतर माग, सकाळी मोजणी आणि कोर्टाच्या गाड्या असतात, कोणी लक्ष देणार नाही.

वर्धेकाठची:

चावी मिळाली, दोन रजिस्टरं वाळवीने खाल्लीत, बाकीची शाबूत आहेत.

गाईड "सातव्या, तिसाव्या, नव्वदाव्या दिवशी किती" या मांडणीला तयार झाले. महिनाअखेरचा आलेखही ठेवायचा म्हणतात, ठेवते, खाली टीप देऊन.

एक शंका राहिली. बालाघाटवाल्याची ऑर्डर बदलली, सॉल्व्हंट जामीनदाराऐवजी चार आठवड्यांसाठी पाच हजारांची कॅश बेल. पैसे अजून भरले नाहीत, योजनेच्या समितीची बैठक व्हायचीय, बायको उसनवारी करतेय. याचे दिवस मी पहिल्या आदेशापासून मोजू की बदललेल्या?

काळा_कोट_पांढरी_कॉलर:

पहिल्यापासून. त्या दिवशीच न्यायालयाने सांगितलं होतं की हा माणूस बाहेर राहिला तरी चालेल. बदललेल्या आदेशाची तारीख वेगळ्या रकान्यात घ्या, म्हणजे अट शिथिल व्हायला किती दिवस लागले तेही निघेल. आणि पैसे भरले की मला इथे कळवा, चार आठवड्यांत जामीनदार उभा राहिला नाही तर मुदतवाढीचा अर्ज चौथ्या आठवड्याच्या आत जायला हवा.